बुधवारची साखरशाळा

आई,

मला शुगर निघाली आहे. तू असतीस तर हे वाक्य मला लिहावंच लागलं नसतं. गेल्या उन्हाळ्यात मी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लागले, तेव्हाच तू माझं बोट धरून टोचलं असतंस आणि मला काही न सांगता पुढचं सगळं ठरवून टाकलं असतंस. तू नाहीस म्हणून ते शाळेत उघडकीला आलं. मुलांच्या तपासणीला पथक आलं होतं, त्यांनी जाता जाता आम्हा शिक्षकांचंही रक्त तपासलं, आणि माझा आकडा बघून त्यातल्या मुलीनं यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं बोट टोचलं. यंत्र बिघडलं नव्हतं. मग वडवणीहून एसटीनं बीडला, तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की वरच्या मजल्यावर दर बुधवारी शुगरच्या पेशंटांचा वर्ग असतो, आठ बुधवार बसायचं. मी म्हटलं, माझी आई नर्स होती, मला यातलं बहुतेक माहीत आहे. ते म्हणाले, ज्यांना माहीत असतं तेच माझ्याकडे सगळ्यात उशिरा येतात. मला राग आला, पण गेले.

त्या वर्गाला लोक हसत हसत साखरशाळा म्हणतात. आपल्याकडे साखरशाळा म्हणजे कारखान्यापाशी ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी भरणारी शाळा, आणि इथं बसलेली सगळी पन्नाशी-साठीची माणसं. एक निवृत्त तलाठी, एक एसटीचा कंडक्टर, भाजी विकणारी एक बाई, शिरूरकडून आलेलं एक म्हातारं जोडपं, असे पंधरा-सोळा जण. मी सगळ्यात मागची खुर्ची धरली. तीस वर्षं फळ्यासमोर मी उभी राहिले आहे, दुसरं कुणी उभं राहिलं की माझं लक्ष शिकण्याकडे नसतं, चुका काढण्याकडे असतं. मग शिकवणारी आली. काटकुळी, जाड भिंगांचा चष्मा, साधी सुती साडी, खांद्याला नीट पिन लावलेली. टेबलावर तिनं इन्सुलिनची बाटली आडवी धरली, दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू फिरवायला लागली आणि म्हणाली, “औषध झोपलेलं असतंय. त्याला हिसडा द्यायचा न्हाई. हलकंच उठवायचं.” लोक हसले. माझ्या अंगाला मात्र आग लागल्यासारखं झालं, कारण आई, ते वाक्य तुझं होतं. नुसतं वाक्य नाही, तळवे फिरवायची पद्धतही तुझी. डाव्या हाताची करंगळी तशीच वेगळी उभी. मी तुझी पोटची पोर, आणि माझ्या कुठल्याच हालचालीत तू नाहीस. ती मात्र तुला अंगावर घेऊन उभी होती. कोण आहे हे मला तेवढ्यातच कळलं.

तुला ते दिवस आठवत असतील. शिरूरजवळच्या त्या दवाखान्यामागचं आपलं क्वार्टर, दोन खोल्या आणि एक ओटा. बाबा परळीला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे. दिवाळी झाली होती, गावोगाव ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या ट्रक भरत होत्या. एक नवरा-बायको ओट्यापाशी उभे, मधे त्यांची अकरा वर्षांची मुलगी, केस कापलेले, मनगटाची हाडं वर आलेली. ती बीडला बारा दिवस दवाखान्यात राहून आली होती. जन्मभर रोज सुई घ्यावी लागेल असं सांगून डॉक्टरांनी एक कागद दिला होता, तो त्या दोघांना वाचता येत नव्हता. दोन दिवसांनी मुकादमाची ट्रक निघणार. उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, ती बाटली गार कुठं ठेवायची आणि सुई कोण टोचणार? घरी मागे राहणारा आजा आंधळा. तू कागद दोनदा वाचलास आणि म्हणालीस, पट्टा पडेपर्यंत हिला माझ्याकडे राहू द्या. म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, सहा महिने. मी दारात पुस्तक घेऊन उभी होते. तेरा वर्षांची. तू माझ्याकडे वळून बघितलंही नाहीस, विचारणं तर लांबच.

ती येण्याआधी तू कामावरून यायचीस, चपला काढायचीस आणि डोळ्यांवर हात आडवा घेऊन फरशीवर पडायचीस. मी काही सांगायला गेले की म्हणायचीस, जरा गप बस, डोकं दुखतंय. मला वाटायचं, नर्सची मुलगी म्हणजे अशीच, उरलंसुरलं मिळणारी. मी ते मान्य केलं होतं. पण ती आल्यावर तू ओट्यावरूनच हाक मारायला लागलीस, “कुठं गेली माझी विद्यार्थिनी?” त्यातला ‘माझी’ मला अजून टोचतो. तुझी डोकेदुखी कुठं गेली, मला कळेना. ओट्यावर स्पिरिटचा दिवा लावून तू तिला लघवी तपासायला शिकवत होतीस, तेव्हा घरी रक्त तपासायची यंत्रं नव्हती. काचेच्या नळीतलं निळं औषध उकळायचं, त्यात थेंब टाकायचे, मग रंग बघायचा. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, पिवळं वाईट, विटकरी म्हणजे फारच वाढली. ती डोळे मोठे करून रंग ओळखायची आणि हिरवा आला की तू टाळी वाजवायचीस. मी आत खिडकीच्या गजांमागे बीजगणित घेऊन बसलेली. सहामाहीला वर्गात पहिली आले तेव्हा तू म्हणाली होतीस, बरं झालं, दूध उतू जातंय का बघ.

मी सगळं ऐकायचे. कुठे टोचायचं, जागा रोज का बदलायची, लाल टोपणाच्या सिरिंजवर किती रेघा, पायाला जखम झाली तर काय, अंगाला घाम सुटून हात थरथरले तर आधी साखर आणि मग भाकर. शिकायला म्हणून नव्हे. तुम्ही दोघी काय बोलता ते मला सोडवत नव्हतं म्हणून. एकदा तू तिच्या त्या तोकड्या केसांना तेल लावत होतीस, तिला कुठंतरी ओढ बसली आणि ती म्हणाली, “हळू गं माय.” तू थांबली नाहीस, तिला दुरुस्त केलं नाहीस. मी माझा नंबर यायची वाट बघत कंगवा घेऊन उभी होते. कंगवा फळीवर ठेवला आणि बाहेर गेले. तू विचारलंही नाहीस की तेल लावायचं राहिलं का.

आता ती सकाळ. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. तुला लसीकरणाला लांबच्या गावी जायचं होतं. निघताना तू मला म्हणालीस, आज ती पहिल्यांदा स्वतःची सुई स्वतः घेणार आहे, सुई घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत तिच्यापुढे भाकर ठेव, उशीर करू नकोस. हाताखालच्या माणसाला सांगावं तसं सांगितलंस आणि गाडी धरायला गेलीस. तिनं खिडकीच्या उजेडात बसून सगळं केलं. बाटली फिरवली, मोजून औषध ओढलं, हवेचा बुडबुडा टिचकीनं घालवला, पोटाची कातडी चिमटीत धरली. मी बघत होते आणि मनातून म्हणत होते की चुकावी. ती चुकली नाही. वर बघून हसली आणि म्हणाली, “ताई, शिस्टरला सांगा बरं, मला जमलं.”

मी आत गेले. काटवटीत पीठ घेतलं. पाणी घातलं नाही. बाजूला इतिहासाचं पुस्तक उघडून बसले. थोड्या वेळानं ती दारात आली आणि म्हणाली, “ताई, भाकर?” मी म्हटलं, करते. ती गेली. पुन्हा आली नाही. दुसऱ्याच्या घरात राहणारं माणूस जेवण दोनदा मागत नाही, हे मला पुढे सासरी गेल्यावर कळलं, तेव्हा कळलं नव्हतं. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. बाहेरून तिच्या हसण्याचा आवाज आला. हसण्यासारखं बाहेर काही नव्हतं म्हणून मी उठले. ती पायरीवर बसली होती, त्या थंडीत घामानं झगा चिकटलेला, डोळे भलतीकडेच. मला तिनं तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि एका अंगावर कलंडली.

काय करायचं ते माझ्या हातांना माहीत होतं. तिला कुशीवर केलं. तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनळीत जाईल, हे तू ओट्यावर सांगताना ऐकलेलं. साखरेच्या डब्यात ओलं बोट बुडवलं आणि तिच्या गालाच्या आतून चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. दवाखान्यात त्या वेळी शिपाईसुद्धा नव्हता. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बऱ्याच वेळानं तिनं जीभ हलवली, मग डोळे माझ्यावर स्थिर झाले. तिला साखरेचं पाणी पाजलं, पळत जाऊन शेजारच्या काकूंकडून भाकर आणली आणि तुकडे करून भरवली. ती खात होती आणि माझ्याकडे बघत होती.

दुपारी तीनला तू आलीस. शेजारच्या काकूंनी तुला रस्त्यातच गाठलं होतं. तू काही विचारायच्या आत ती उभी राहिली आणि म्हणाली, शिस्टर, मी भाकर खायचं इसरले, म्हणून चक्कर आलती. तू तिला फाडून खाल्लंस. पेशंटवर तुला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मेली असतीस, म्हणालीस, तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं. ती मान खाली घालून ऐकत होती आणि मी भिंतीला टेकून गप्प होते. तुझा आवाज बसला, मग तू तिचं डोकं ओढून पोटाशी धरलंस. आई, खरं सांगते, ज्या रागातून मी सुटले होते त्या रागाचासुद्धा मला त्या क्षणी हेवा वाटला.

अशी ती तीन हंगाम आपल्याकडे राहिली. मग तुझी वडवणीला बदली झाली, मी डीएड केलं, लग्न झालं. ती मात्र एसटी करून तुझ्याकडे येत राहिली. मी माहेरी आले की कधी कधी व्हरांड्यात तुम्ही दोघी दिसायचात, मधे पायांची तपासणी चाललेली. तू निवृत्तीला दोन वर्षं असताना गेलीस. दहाव्याला ती आली आणि कोपऱ्यात बसून माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. आत्यानं मला विचारलं, ही कोण? मी म्हटलं, पेशंट आहे एक. त्यानंतर बावीस वर्षांत मी तिची चौकशी केली नाही.

आता हे तिसऱ्या बुधवारचं. तिनं पिशवीतून एक वही काढली आणि सगळ्यांच्या हातातून फिरवली. तू तिच्यासाठी केलेली वही. तिच्या आईबापाला वाचता येत नव्हतं म्हणून तू चित्रं काढली होतीस, उगवता सूर्य, सिरिंज, अर्धी भाकर, घाम आलेली मुलगी आणि तिच्याशेजारी साखरेचा चमचा. बाजूला तुझं अक्षर. माझ्याजवळ तुझ्या अक्षरातलं काय आहे, सांगू? रॉकेलच्या कार्डाचा एक अर्ज. वही माझ्या हातात आली तेव्हा मी ती हवी त्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवली. घाम आलेल्या मुलीला तू दोन वेण्या काढल्या होत्यास. दोन वेण्या त्या घरात माझ्याच होत्या. एवढं एक मी त्या वहीतून चोरून घेतलं आणि वही पुढच्याला दिली.

मग ती साखर एकदम उतरण्याबद्दल सांगायला लागली आणि तिनं त्या सकाळचीच गोष्ट सांगितली. म्हणाली, मी आकरा वर्षांची व्हते, सुई घेतली आन् भाकर खायचं इसरले, शिस्टरच्या लेकीनं मला वाचवलं, तिचं वय तेरा, तिला कुणी शिकवलं नव्हतं. सगळे ऐकत होते. ती पुढे म्हणाली, “शिस्टर समद्याइला सांगायची. म्हणायची, हिला महिनाभर शिकवलं, तेवढं माझ्या पोरीनं खिडकीआडून ऐकूनच पाठ केलं. लई हुशार हाय माझी पोर.” तलाठी म्हणाले, वा. आणि मी मागच्या खुर्चीत बसून पदराचं टोक पिळत होते. म्हणजे मी खिडकीत बसते हे तुला माहीत होतं. आणि तू सगळ्यांना सांगितलंस. सगळे म्हणजे कोण? शिपाई, कंपाउंडर, ओपीडीतल्या बायका, ही. मीच तेवढी राहिले. माझं कौतुकही मला तिच्या तोंडून, पस्तीस वर्षांहून जास्त काळ गेल्यावर, अनोळखी माणसांत बसून ऐकावं लागलं.

वर्ग सुटल्यावर मी थांबले. ती सामान आवरत होती. मी कोण ते सांगायला गेले तर म्हणाली, पहिल्याच दिवशी वळखलं, हाताची घडी घालून बसलात की तुमी शिस्टरच दिसता. तुझं माझ्यात काहीतरी आहे हेसुद्धा तिनंच मला सांगायचं होतं. मी सरळ विचारलं.

“त्या दिवशी तू विसरली नव्हतीस.”

तिनं चष्मा काढून पुसला. एका डोळ्यानं तिला आता कमी दिसतं. “भाकर झालीच नव्हती, ताई. मग इसरंन कशी?”

“मग खोटं कावून बोललीस?” माझ्या तोंडून तिचीच बोली आली.

ती म्हणाली, “मला तुमच्याच घरात ऱ्हायचं व्हतं. तुमाला मार बसला असता तर तुमी मला टिकू दिलं असतं का?” मग म्हणाली की शिस्टरला सगळं ठाऊक होतं. काटवटीतलं कोरडं पीठ तूच सांजच्याला डब्यात परत भरलंस, तिच्या देखत. आणि तिला सांगितलंस, पोरीला बोलू नको काही, तिच्या वाटचा वेळ मी तुला देते, तिनं रागवायचं नाही तर कुणी. हे तिनं तुझ्याच आवाजात सांगितलं.

मी जवळच्या खुर्चीत बसले. ती शेजारच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, “मी बी जळायचे तुमच्यावर. तुमची माय रोज सांजला घरी यायची. माझी पट्टा पडल्यावर.”

तिचा हात हातात घ्यावा असं वाटलं, घेतलाही. तिच्या बोटांची टोकं टोचून टोचून खरखरीत झालेली. एवढी वर्षं दोन वेळा सुई घेऊन, डोळा सांभाळत, ती जगली, शिकली, आणि आता दर बुधवारी पंधरा माणसांना जगायला शिकवते. ती तुझं सगळ्यात चांगलं काम आहे. हे मला कळतं. शाळेत मी चांगल्यापैकी शिकवते असं लोक म्हणतात, पण माझ्या हातून असं एकही माणूस उभं राहिलेलं नाही. वहीची झेरॉक्स देऊ का, तिनं विचारलं. मी नको म्हटलं. मला मूळ वही हवी होती आणि ती मागायचा हक्क मला नव्हता.

माझी चूक तू पोटात घातलीस, मला एका शब्दानं दुखावलं नाहीस, यासाठी मी तुझी आभारी असायला हवं. पण आई, मला वाईट याचं वाटतं की माझ्याकडे मागायची माफी तू तिच्याकडे मागितलीस. त्या संध्याकाळी पीठ भरताना तू मला एकदा हाक मारली असतीस, रागावली असतीस, दोन लगावल्या असत्यास तरी चाललं असतं. आपल्या दोघींत ती एक गोष्ट झाली असती, तिच्याशिवायची. तुला वाटलं असेल, ही शहाणी आहे, हिला कळतं. मला काहीच कळत नव्हतं. मी तेरा वर्षांची होते.

हे पत्र मी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे आणि तो कपाटातच राहणार आहे. तिलाही दाखवणार नाही. दाखवलं तर ती म्हणेल, शिस्टरला वाचून दाखवते, आणि तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

एकच सांगायचं राहिलं. माझे आठ बुधवार गेल्या महिन्यात संपले. ज्यांची साखर ताळ्यावर येते त्यांना ती मोकळं करते, बाकीच्यांना पुन्हा बसवते. माझी ताळ्यावर आली आहे, डॉक्टरांना दाखवते ते आकडे खरे आहेत. पण तिच्यासाठी वेगळा कागद करते आणि त्यात प्रत्येक आकडा तीस-चाळीसनं वाढवून लिहिते. मग ती वर्गातल्या त्या कंडक्टरला थांबायला सांगते, माझ्याजवळ खुर्ची ओढून बसते आणि सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं, झोप लागली का, मन कशात गुंतलंय, असं एकेक विचारते. मी सगळं सावकाश सांगते.